मन्मथअप्पांचा उजवा पाय

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा मला आधी हसू आलं. अनारशांच्या पाककृती आणि मिठाईवाल्यांच्या जाहिराती यांच्या मधोमध मधुमेहात आयुष्य घालवलेल्या बाईनं येऊन बसायचं, म्हणजे लग्नाच्या पंगतीत इन्कमटॅक्सवाल्यानं बसण्यासारखं. तसं ते माझ्या बाबतीत नेहमी घडतच असतं. नात्यातल्या कुठल्याही लग्नात मी मांडवात शिरले की चार-दोन काका ताटातली जिलबी पापडाखाली सरकवतात. एकदा एका मामांनी तर पूर्ण तोंड भरलेलं असताना मला मानेनंच सांगितलं, "सोडलंय सगळं." माझ्या स्वतःच्या ताटात दोन जिलब्या असतात हे कुणी बघत नाही. आमचे हे बघतात. नांदेडच्या कॉलेजात भूगोल शिकवतात, त्यामुळे कुठे काय पडलंय ते त्यांना लगेच दिसतं. "संशोधनासाठी घेतल्यात," असं ते शेजारच्याला गंभीरपणे सांगतात.

संशोधन म्हणजे मी नेमकं काय करते, ते माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. "डाक्टर हाय, पण औषध देत न्हाई. नुस्तं रगत घेती," अशी ती शेजारणींना माझी ओळख करून द्यायची. याहून नेमकं वर्णन मला अजून जमलेलं नाही. शरीरात काही लहान ग्रंथी असतात, त्या रक्तात थेंब थेंब रस सोडतात आणि त्या थेंबांवर आपली भूक, वाढ, झोप, चिडचिड सगळं चालतं. त्यातला इन्सुलिन नावाचा एक रस कमी पडला किंवा अंगाला जुमानेनासा झाला की रक्तात साखर साचते. हे कुणाला, का आणि कशानं होतं, आणि झाल्यावर आमच्या नांदेड-लातूरकडच्या माणसाला त्याच्या घरात, त्याच्या उन्हात काय करता येईल, एवढंच मी आजवर विचारत आले.

मी शिकत होते तेव्हा वॉर्डात साखर बघायची ती लघवीत. काचेच्या नळीत निळं द्रावण घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी हलवत धरायची. निळंच राहिलं तर उत्तम. हिरवं म्हणजे थोडी साखर, पिवळं म्हणजे जास्त, आणि विटेसारखं लाल झालं की मोठे डॉक्टर येऊन आमच्यावरच ओरडायचे, जणू आम्हीच पेशंटला पेढे चारलेत. पेशंट खाटेवर उठून बसायचे आणि माझ्या हातातल्या नळीकडे टक लावायचे. उमरीकडची एक आजी हात जोडून पुटपुटायची, "हिरव्यावर थांब गं बाई, हिरव्यावर थांब." ती नळीला म्हणायची की मला, कोण जाणे. आता बोटाला टोचलं की आकडा येतो. तो जास्त खरा असतो. पण आकड्यासमोर कुणी हात जोडत नाही, आणि मला त्या हिरव्या रंगाची अजून आठवण येते.

उमरीचंच आणखी एक सांगते. तिथल्या एका निवृत्त मास्तरांना आम्ही घरी साखर मोजायचं यंत्र दिलं होतं. महिन्यानं बघितलं तर यंत्रातले आकडे टोळासारखे उड्या मारत होते. इतक्या उड्या मारणारा माणूस जिवंत कसा, या काळजीनं आम्ही धावत गेलो. मास्तर ओट्यावर ठणठणीत बसलेले.

"माझी एकट्याची कशी आसंल मॅडम?" ते म्हणाले. "गल्लीतल्या समद्यांची बगून राहिलो ना. परवा व्याही आले, त्यांचीबी बगितली. पाहुण्याला च्याच्या आधी विचारायला नगं का, साखर टाकू का नको?"

पाहुणचाराची ही नवी रीत मी कुठल्याही परिषदेत सांगितली नाही. सांगायला हवी होती.

पण हे सगळं लिहायला बसले ती मन्मथअप्पांसाठी.

तेव्हा मी लातूरला होते आणि देवणीकडच्या गावांत आमचं एक काम चाललं होतं. इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. आमच्याकडचा उन्हाळा आणि आमच्याकडची वीज, दोन्ही आपापल्या मर्जीची. तेव्हा मोठ्या माठात वाळू, वाळूत लहान मडकं, वाळूवर पाणी, आणि लहान मडक्यात औषधाची बाटली, अशी व्यवस्था आम्ही घरोघर करून दिली होती. अशा मडक्यातलं इन्सुलिन वैशाखात टिकतं का, हा आमचा प्रश्न. उत्तर मिळवायला एक चांगली तपासणी होती. लोक तिला "तीन महिन्यांची शुगर" म्हणतात. डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी जगातला प्रत्येक पेशंट शहाणा होतो. भात सोडतो, चालायला जातो, दूध बिनसाखरेचं पितो. नेहमीची तपासणी त्याच्या या एका दिवसाच्या पुण्याईला भुलते. ही भुलत नाही. मागच्या तीन महिन्यांत काय काय झालं त्याची ती शांतपणे चहाडी करते.

मन्मथअप्पा देवणीजवळच्या एका गावातले भुसार मालाचे दुकानदार. उंच, सावळे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि बोलण्यात अधूनमधून कन्नड शब्द. मला पहिल्या दिवसापासून "आक्का" म्हणाले. त्यांच्या घरात फ्रीज होता, पण विजेअभावी तो कपाट म्हणूनच जास्त कामाला यायचा. त्यांच्या पत्नी महानंदाबाई त्यात पापड ठेवत. त्यांना सगळं गाव अव्वा म्हणायचं, मीही म्हणायला लागले.

अप्पांना इन्सुलिन समजावून सांगताना मी म्हटलं होतं, "रक्तातली साखर म्हणजे रस्त्यावर उतरवलेली पोती. इन्सुलिन म्हणजे हमाल. हमाल नसले तर रस्ता तुंबतो आणि गोदाम रिकामंच राहतं." अप्पा एकदम खूश. "आता ध्येनात आलं. इतके दिस डाक्टर लोक पेशी-पेशी करून राहिले होते."

अप्पांच्या उजव्या पायाला जखम होती. नव्या चपलेचा पट्टा करंगळीला चावला आणि त्यांना कळलंच नाही. फार दिवस साखर साचली की पायाच्या नसा मरतात, पाय मुका होतो. काटा रुतला तरी बोलत नाही. अव्वांना धोतराला डाग दिसला तेव्हा कुठे पत्ता लागला. लातूरच्या सर्जननं जखम धुतली, बघितली आणि अप्पांच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "साखर खाली आली तर जखम भरेल. नाही आली आणि जखम अशीच वर चढत गेली, तर घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल. फार वाट बघता येणार नाही."

आणि साखर खाली येईना. आजूबाजूच्या घरांत सगळ्यांची उतरली, अप्पांची तशीच. मी औषध वाढवलं. तरी तशीच. पुन्हा वाढवलं. अप्पा म्हणायचे, "घेतो की आक्का. रोज सकाळी सातला." अव्वा खाली बघायच्या.

मला खरं सांगायचं तर मनातून थोडा आनंदच झाला होता. माठात इन्सुलिन खराब होतंय, असा काहीतरी घसघशीत निष्कर्ष हाताशी येतोय असं मला वाटत होतं. आमचे तंत्रज्ञ रफीकभाई मात्र मान हलवत होते. पिढीजात लातूरचे, अर्धं मराठी, अर्धं दखनी बोलायचे.

"मॅडम, माठ बेचारा क्या करेगा? त्याच गल्लीत बाकी सबका ठीक है. सगळे माठ एकाच कुंभाराचे."

"त्यांचं घर पत्र्याचं आहे, रफीकभाई. जास्त तापत असेल."

"हौ, हौ. पत्र्याचंच आसंल." रफीकभाई 'हौ' दोनदा म्हणाले की समजायचं, त्यांना अजिबात पटलेलं नाही.

शेवटी मी निरोप पाठवला, शनिवारी सकाळी लवकर येते, नवी बाटली घेऊन. आम्ही पोचलो तेव्हा ऊन नुकतं ओट्यावर आलं होतं. अव्वांनी सांगितलं, अप्पा पूजेला बसलेत, या, बसा, चहा ठेवते. आम्ही बाहेरच्या खोलीत पोत्यांना टेकून बसलो. मधलं दार उघडं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लिंगायत घरांत ही पूजा ज्याची त्यानं करायची असते. आंघोळ करून, भस्म लावून, गळ्यातल्या डबीतलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं. त्याला पाणी घालायचं, बेल वाहायचा, आणि मग हात डोळ्यांसमोर धरून त्याच्याकडे बघत राहायचं. ही पूजा होईपर्यंत अप्पांच्या पोटात पाण्याशिवाय काही जात नसे. लहानपणी वडिलांनी गळ्यात लिंग बांधलं तेव्हापासून एक दिवसही खंड नव्हता, हे ते मला कितीदा तरी सांगून चुकले होते. आणि मी, चहा किती वेळा, चालणं किती, झोप किती, असं सगळं विचारलेली बाई, पूजेला किती वेळ लागतो हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

दाराच्या चौकटीतून मला अप्पांची पाठ आणि वर धरलेला डावा हात दिसत होता. बराच वेळ हात दगडासारखा स्थिर होता. मग मनगटाजवळ काहीतरी हललं. मला वाटलं, वय. पुन्हा हललं. पाठीवर घाम फुटला होता. सकाळची वेळ, पंखा चालू, आणि पाठीवरचे भस्माचे पट्टे घामानं ओघळून काळपट झाले होते.

मी उठले तोवर अव्वा धावत पोचल्या होत्या. चहाचं पातेलं चुलीवर तसंच. त्या अप्पांसमोर गुडघ्यावर बसल्या आणि आपली ओंजळ त्यांच्या हाताखाली धरली. हात आता लटलट कापत होता, लिंग तळहातावर डुगडुगत होतं. अप्पांनी उजव्या हातानं डावं मनगट घट्ट धरलं होतं, पण तो हातही कापतच होता.

"साखर उतरलीय त्यांची!" मी ओरडले. "अव्वा, काहीतरी गोड द्या आधी. साखर, गूळ, काहीही."

माझ्या बॅगेत ग्लुकोजची पूड होतीच. मी चमचाभर पाण्यात कालवून अप्पांच्या तोंडाशी नेली. अप्पांनी दात आवळले. मान हलवली. नाही.

"अप्पा, तोंड उघडा! बेशुद्ध पडाल."

पुन्हा मान हलली. डोळे लिंगावरून हलले नाहीत. पूजा पुरी झाली नव्हती.

आता हे वाचताना एखाद्याला वाटेल, काय हा हट्ट. मला त्या क्षणी तसं वाटायलाही वेळ नव्हता. मेंदूला साखर नाही मिळाली तर माणूस जाऊ शकतो, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रफीकभाई दारातच थांबले होते, पूजेच्या जागी आत कसं यावं म्हणून, आणि तिथूनच ओरडत होते, "अप्पा, पी लो ना! मी पाया पडतो तुमच्या!"

अव्वांनी माझ्याकडे बघितलं. मग शेजारच्या तांब्याकडे. "ती पूड हितं ओता आक्का. समदं."

मी सगळी पूड तांब्यात ओतली. अव्वांनी एक हात अप्पांच्या हाताखालून न काढता दुसऱ्या हातानं तांब्या ढवळला आणि ते पाणी अप्पांच्या हातातल्या लिंगावर धरलं. एरवी सणावाराला दूध-मध-साखरेचं घालतात, तसंच. खाली वाटी होती. पाणी लिंगावरून, बोटांच्या फटीतून वाटीत उतरलं. अव्वांनी वाटी अप्पांच्या ओठांना लावली.

"तीर्थ हाय," त्या म्हणाल्या.

अप्पांनी तोंड उघडलं.

तीन-चार वाट्या तीर्थ झालं. हात थांबायला लागला. अप्पांनी लिंग पुसलं, डबीत ठेवलं, डबी गळ्यात घातली, नमस्कार केला आणि मगच भिंतीला टेकले. मी बोटाला टोचून साखर बघितली, थोड्या वेळानं पुन्हा बघितली. वर येत होती. तेव्हा कुठे मी खाली बसले.

"अप्पा," मी विचारलं, "आज सुई घेतली होती?"

"घेतली की. तुमी येनार म्हनून. कागदावर लिवलीया तेवढी समदी."

"आणि काल?"

अव्वाच बोलल्या. "काल न्हाई. परवा न्हाई. शिमग्यापासनं न्हाई म्हना की. सुरवातीला घ्यायचे, तर पूजेत असंच हात हालायचा. एकदा लिंग घसरून मांडीवर आलं. तवापासनं सुई सोडली. मला शपथ घातली, आक्काला सांगशील तर बघ."

तर माठ निर्दोष होता. अप्पा औषध घेतच नव्हते, मी कागदावर वाढवत होते, आणि आज पाहुणी घरी यायची म्हणून त्यांनी ते वाढवलेलं सगळंच्या सगळं उपाशीपोटी टोचून घेतलं होतं. परीक्षेच्या दिवशी वर्षाचा अभ्यास एकदम करावा तसं.

"अहो, पण पायाचं काय?" माझा आवाज चढला. "पाय कापतील, अप्पा! समजतंय का?"

अप्पा माझ्यावर रागावले नाहीत. लहान पोरीला सांगावं तसं म्हणाले, "आक्का, पाय गेला तर लाकडाचा बसवतेत. हातातनं लिंग खाली पडलं, तर त्याला कुठला डाक्टर हाय?"

तिथं बसल्या बसल्या एक साधी गोष्ट डोक्यात आली.

"अप्पा, मालाची गाडी यायच्या आधीच हमाल बोलावले तर काय करतील?"

"बसतेल. तंबाखू मळत."

"हे माझे हमाल बसत नाहीत. रस्त्यावर पोतं नसलं तर घरातलं सामान उचलून नेतात. तुमचा हात त्यांनीच हलवला. सुई सातला घ्यायची, असं मी कुठं म्हटलं? जेवायच्या आधी घ्यायची. पूजा आधी करा. निवांत करा. मग सुई, आणि सुईनंतर लगेच भाकरी."

"पर कागदावर सातच लिवलंय."

"तुमचा कागद मी फाडते."

अप्पांनी विचार केला. दुकानदार माणूस, नमुना बघितल्याशिवाय माल घेणार नाही. "उद्या तुमी समोर बसायचं. हात हालला, तर परत सुईचं नाव काढायचं न्हाई. कबूल?"

मी कबूल केलं. मात्र आधीच्या हिशेबाचं सगळं पुसून औषध अगदी कमीपासून सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच पोत्यांना टेकून बसले. रफीकभाई म्हणाले, मॅडम, माझ्या तिन्ही पोरींच्या बारावीच्या निकालाला इतकी धाकधूक झाली नव्हती. पूजा झाली. हात हलला नाही. मग सुई. मग अव्वांनी ताट आणलं, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, आणि चुलीपाशी न जाता समोरच उभ्या राहिल्या. अप्पा जेवले. हात धुऊन डावा तळवा डोळ्यांसमोर धरला, उलटासुलटा करून बघितला. "हालंना झालाय," ते म्हणाले, आणि अव्वा पदराआड तोंड करून आत गेल्या.

पुढची साखर उतरली. त्याच्या पुढची आणखी उतरली. सर्जननं करंगळी काढली, तिला इलाज नव्हता. पण जखम वर चढायची थांबली, मग भरायला लागली, आणि एक दिवस त्यानंच मला फोन करून सांगितलं, पाय राहिला.

आमचा शोधनिबंधही पुढे छापून आला. माठ चांगलं काम करतात, असा त्याचा साधासरळ निष्कर्ष. त्यात मन्मथअप्पा एका ओळीत आहेत. एक जण औषध घेत नसल्यानं हिशेबातून वगळला, एवढंच. शास्त्राच्या रीतीनं ते बरोबरच आहे. पण इतक्या वर्षांच्या कामातून मला नक्की काय कळलं असं कुणी विचारलं, तर मला ती वगळलेली ओळच आठवते, आणि ती आम्ही नीट लिहिली नाही याची चुटपूट लागते.

नंतर माझी बदली झाली, मी नांदेडला घरी परत आले. एका सकाळी दारात रिक्षा थांबली आणि मन्मथअप्पा उतरले. भाचीच्या लग्नाला आले होते, म्हणाले आक्काचं घर बघून जावं. मी हरखून गेले. या या म्हणत आत वळले, तर अप्पा दाराबाहेरच उभे.

"या ना अप्पा."

"कसं येऊ?" पायात आमच्याच दवाखान्यातून दिलेल्या काळ्या, जाडजूड, मऊ तळाच्या चपला होत्या. "तुमीच सांगितलंय, घरात बी पायताण काढायचं न्हाई. आन लोकाच्या घरात चप्पल घालून जायची आमची रीत न्हाई. मी हितंच बसतो पायरीवर. च्या हितंच द्या. बिनसाखरेचा."

मी कोंडीत सापडले. मुक्या पायाच्या माणसानं अनवाणी पाऊल टाकायचं नाही, हे मीच हजारो लोकांना सांगत आलेय. आणि आमच्या घरात सासूबाई आहेत. आमच्या उंबऱ्याच्या आत चप्पल हा शब्दसुद्धा यायचा नाही, इतक्या कडक. मागे एकदा गॅस जोडायला आलेला माणूस बूट घालून आत आला, तर त्यांनी संपूर्ण घर दोनदा धुऊन काढलं होतं.

आवाज ऐकून सासूबाई बाहेर आल्या. "कोण आहे गं?"

"देवणीचे अप्पा. सांगितलं होतं ना मी तुम्हाला..."

त्यांनी अप्पांच्या तोंडाकडे बघितलं नाही. सरळ पायांकडे बघितलं.

"कोणता गं तो?" त्यांनी हळूच विचारलं.

मी काही बोलायच्या आत अप्पांनीच उजवा पाय जरासा पुढे केला.

"मग बाहेर कशाला उभं केलंस त्यांना?" सासूबाई माझ्यावरच खेकसल्या. "या हो अप्पा. तसेच या. काढू नका."

अप्पा संकोचून एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चौकटीला हात लावला आणि शुभ कामाला टाकतात तसा उजवा पाय आधी आत टाकला.